तुळसाबाईची गाठ

धनज, १२ जुलै १९५७

चि. रामकिसन,
अक्काचा आशीर्वाद घे.

तुहं कार्ड भेटलं. 'मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असावे', अन् खाली सही. अर्धं कार्ड कोरं. मुंबईले जाऊन तुले दोन वर्षं झाली, अशी आठ कार्डं माह्याजवळ हायेत, आठही सारखी. आई गेली तवा तू चार वर्षांचा होता. कडेवर घेऊन म्या तुले वाढवलं, माह्या लग्नात बी तू माह्याच मांडीवर झोपला होता. मी चौथीच शिकली, पण वाचता येते मले. जरा लिवत जा.

इथं पेरणी झाली. पऱ्हाटी बरी उगवली. तुहे भाऊजी दिवसभर वावरात असतात. दोघी पोरी मजेत.

एक इचारायचं होतं. आमच्या गल्लीत शालिग्रामची बायको हाये, तुळसाबाई. तू तिले ओळखत नाई. तिच्या छातीत डाव्या बाजूले एक गाठ हाये, बोराएवढी. दुखत नाई, पण दगडासारखी टणक. चार महिने झाले, लाजेपायी तिनं घरी कोनाले सांगतलं नाई, मले सांगतलं. तू तिथं उंदरांच्या कॅन्सरचं काम करून राह्यला, म्हून इचारलं. ते हेच असन काय? अन् असन तं तिनं काय करावं?

तुही,
मनकर्णाअक्का

*

मुंबई, २२ जुलै १९५७

ती. अक्का,
तुला नमस्कार.

तुझं पत्र वाचून लाज वाटली. आता अर्धं कार्ड पाठवणार नाही.

न दुखणारी टणक गाठ बरी नव्हे. तुळसाबाईंना अकोल्याला किंवा नागपूरला सर्जनला दाखवायला सांग.

तू माझ्या कामाचं विचारलंस, आजवर घरातल्या कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे नऊशे पांढरे उंदीर आहेत. त्यांच्या कातडीखाली एक रसायन टोचलं की काही महिन्यांनी गाठ येते. त्यातल्या काहींची गाठ आम्ही कापून काढतो, उंदीर बरा होतो. मग त्याच गाठीचा राखून ठेवलेला तुकडा त्याच उंदराच्या अंगात पुन्हा लावतो. आणि अक्का, तो तुकडा वाढत नाही! दहा-बारा दिवसांत विरून जातो. मधेच काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याच्याभोवती लहान लहान गोल पांढऱ्या पेशींचा वेढा पडलेला दिसतो. त्या रक्तातल्याच पेशी, एरवी ताप-पू यांच्याशी लढणाऱ्या. त्यांनी ती गाठ ओळखलेली असते. दुसऱ्या उंदराची गाठ लावली तर मात्र ओळखत नाहीत, ती वाढते आणि उंदीर मरतो.

म्हणजे कॅन्सर आपल्याच शरीराचा असला तरी शरीराला तो परका वाटू शकतो. पाच वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर हसले असते. विलायतेत आणि अमेरिकेत आता याच गोष्टीवर काम चाललंय, आणि इकडे मी. एम.एस्सी. होऊन उंदरांचे पिंजरे धुतो असं भाऊजी म्हणतात ना, त्यांना हे वाचून दाखव.

तुझा,
रामकिसन

*

धनज, ९ सप्टेंबर १९५७

चि. रामकिसन,
आशीर्वाद.

तुहं पत्र म्या चारदा वाचलं. तुळसाबाईले बी वाचून दाखवलं. ती इचारत होती, उंदराच्या अंगात असे शिपाई हायेत तं मानसाच्या अंगात नसतीन काय?

ती नागपूरले काई गेली नाई. निंदणाचे दिवस, अन् घरी सांगायचं कसं? मंग श्रावणात एक नवलच झालं. निंदताना हाताले काटा लागला, हात सुजला. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. हातावरून खांद्यावर, खांद्यावरून छातीवर लालभडक चट्टा पसरत गेला, जसं कोनं गरम पाणी ओतलं. अकरा दिवस ताप. बडबडत होती म्हणे. कारंज्याचा डॉक्टर दोनदा आला, सुया दिल्या, तवा उतरला.

अन् उतरल्यावर पाहते तं गाठ अर्धी! बोराची हरभऱ्याएवढी झाली. खोटं नाई, म्या सोता हात लावून पाह्यलं.

हे कसं झालं रे? तुले समजते काय?

अक्का

*

मुंबई, १८ सप्टेंबर १९५७

ती. अक्का,

तुझं पत्र घेऊन मी आज दिवसभर हवेत चालतो आहे.

तुळसाबाईंना जे झालं त्याला धावरं म्हणतात. कातडीच्या आतला जंतूंचा रोग. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका सर्जनाने पाहिलं होतं की धावरं होऊन गेलेल्या काही रोग्यांच्या गाठी आपोआप विरल्या. त्याने मग मुद्दाम जंतू टोचून पाहिले. कुणी बरं झालं, कुणी मेलं, पुढे लोक ते विसरले. माझं मत असं की तापाने त्या पांढऱ्या पेशी खडबडून जाग्या होतात, जंतूंशी लढता लढता त्यांना शेजारची गाठही दिसते. उंदरात जे आम्ही खटपट करून घडवतो ते तुमच्या गल्लीत आपोआप घडलं. आपल्याकडे असं कुणी नोंदवलेलं मी तरी वाचलेलं नाही.

म्हणून एक काम करशील? दर पंधरा दिवसांनी गाठीभोवती दोरा धरून माप घे. दोरा कापून, त्यावर तारीख बांधून मला पाठव. रंग, टणकपणा, ताप येतो का, सगळं लिही. तुझ्यासारखी डोळस बाई तिथं आहे हे माझं नशीब.

सध्या नागपूरची घाई नको. लढाई चालू असताना मैदान कापून टाकण्यात अर्थ नाही. दोन महिने पाहू.

रामकिसन

*

धनज, ६ ऑक्टोबर १९५७

चि. रामकिसन,
आशीर्वाद.

दोन दोरे पाठवले हायेत, निळा आधीचा, पांढरा कालचा. पाहा, पांढरा लहान हाये. रंग कातडीसारखाच. ताप नाई. दाबली तं थोडी हलते.

तुळसाबाई खूश हाये. म्हणते, नागपूरच्या सुरीपासून वाचली. माप घेताना ती हसते, म्हणते मी काय आता तुह्या भावाचा उंदीर झाली. मीबी हसली.

तुहं पत्र आलं की भाऊजी इचारतात, एवढं काय लिवते हा? मी सांगते, उंदरांचं. पोरी म्हणतात, मामा आता कायले एवढा बोलते? मले बरं वाटते. आधी पोस्टमन गल्लीतून जाये तं मी आंगणात जातच नसो.

दसऱ्याले आला असता तं बरं झालं असतं.

अक्का

*

मुंबई, २१ नोव्हेंबर १९५७

ती. अक्का,

दोरे मिळाले, चारही. मी ते कागदावर डकवले आहेत. एक टिपण लिहायला घेतलं आहे, नीट उतरलं तर छापायला पाठवीन. त्यासाठी आणखी माहिती हवी. बाईंचं नेमकं वय, बाळंतपणं किती, मुलांना अंगावर किती दिवस पाजलं, घरात आणखी कुणाला अशी गाठ होती का, आई कशाने वारली. सगळं तुळसाबाईंना खोदून विचार. लाजू देऊ नकोस.

दिवाळीला येता आलं नाही. उंदरांना सुट्टी नसते.

रामकिसन

*

धनज, १४ जानेवारी १९५८

चि. रामकिसन,
तीळगूळ घे, गोड बोल.

तू इचारलं ते मांगच लिवलं होतं. वय अडतीस, बाळंतपणं तीन, एक पोरगं गेलं. आई बाळंतपणात गेली.

या खेपेचा दोरा मोठा हाये. म्या तीनदा माप घेतलं, तीनदा मोठाच आला. वरची कातडी संत्र्याच्या सालीवानी झाली, खड्डे खड्डे. अन् डाव्या काखेत नवीन गाठ हाये, एकाले एक लागून दोन. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाई. ज्वारी कापताना हात वर होत नाई.

तुळसाबाईले आता भेव वाटते. म्हणते, तुह्या भावाले इचार, आता जाऊ का नागपूरले? तू जे सांगशीन ते ती करन. उत्तर लवकर पाठव. वाट पाहून राह्यली.

अक्का

*

मुंबई, २३ जानेवारी १९५८

ती. अक्का,

घाबरू नका. काखेत त्या पांढऱ्या पेशींच्या ग्रंथी असतात, त्यांच्या छावण्याच म्हण. लढाई जोरात असली की ग्रंथी फुगतात. काट्याने हात सुजला की काखेत अवधाण येतं ना, तसंच. म्हणजे काखेतली गाठ हे कदाचित चांगलं चिन्ह असेल. एखादे वेळी मूळ गाठही विरण्याआधी सुजते, आम्ही उंदरांत पाहिलं आहे.

आणखी एक महिना पाहू. मग नागपूर आहेच.

काखेतल्या गाठींचंही माप पाठव.

रामकिसन

*

धनज, २ मार्च १९५८

रामकिसन यास,
मारोतरावचा रामराम.

मी पत्र लिवणारा मानूस नाई. पण आज लिवतो.

परवा संदुकीत सातबारा शोधत होतो तं तुही पत्रं सापडली. वाचली. मले वाटलं, शालिग्रामच्या घरात एवढं मोठं दुखणं अन् त्याले पत्ता नाई! मी उठलो, त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "शालिग्राम, बाईमानसाचं हाये म्हून लाजू नको. माही बैलगाडी घे, कारंज्याहून गाडी पकड, नागपूरले ने तिले."

तो म्हणे, "कोनाले?"

म्हटलं, "तुळसाबाईले. छातीत गाठ हाये तिच्या."

तुळसाबाई तठीच तांदूळ निवडून राह्यली होती. धट्टीकट्टी. तिनं सूप खाली ठेवलं अन् माह्या तोंडाकडं पाह्यलं. म्हणे, "भाऊ, कोनं सांगतलं तुमाले हे?"

मी घरी आलो. तुही बहीण चुलीजवळ भाकर थापून राह्यली होती, एका हातानं. उजव्या. म्या इचारलं, "कोनाची गाठ हाये ते?" तव्यावरची भाकर तिनं उलटवली. म्या तिचा डावा हात धरून वर केला तं ती ओरडली. बावीस वर्षांत तिले असं ओरडताना म्या ऐकलं नव्हतं. काखेत पेरूएवढं हाये. वर फुटून वाहून राह्यलं. ती त्यावर लुगड्याची चिंधी बांधत होती.

मले नाई सांगतलं, तो माहा अन् तिचा हिशेब. पण तुले तं तिनं सांगतलं होतं. नाव दुसऱ्याचं होतं, गाठ तं खरी होती ना? कोन्या दुसऱ्याची बायको असती तं मरू द्याची होती काय?

उद्या तिले नागपूरले नेतो. यायचं तं ये.

मारोतराव

*

धनज, २० एप्रिल १९५८

चि. रामकिसन,

बसून लिवता येत नाई म्हून आडवी पडून लिवून राह्यली. अक्षर समजून घे.

नागपूरले तू तीन दिवस माह्या खाटेजवळ बसला. माह्या पायाले हात लावून रडला. तवा भाऊजी होते, पोरी होत्या, मले काई बोलता आलं नाई. डॉक्टरनं कापलं ते कापलं. पट्टी काढली तवा म्या खाली पाह्यलं नाई, लहानीनं पाह्यलं अन् बाहेर पळाली. आता कमरेत दुखते, खोकला येते. डॉक्टर भाऊजीले बाजूले घेऊन बोलला. मी काय लहान हाये?

तुले वाटत असन म्या काहून नाव बदललं. पह्यल्यांदा लाजेनं बदललं. तू माहा भाऊ, तुले छातीचं कसं लिवू? पण मंग तुहं ते मोठं पत्र आलं, चार पानं. मंग दुसरं, मंग तिसरं. मनकर्णेले अर्धं कार्ड येत होतं, तुळसाबाईले चार पानं येत होती. मले वाटलं, सांगतलं की मीच ते, तं तू घाबरशीन, डॉक्टरकडं लावशीन, अन् पत्रं बंद होतीन. म्हून तुळसाबाईच राह्यली.

मले पांढऱ्या पेशीवर भरोसा नव्हता रामकिसन. मी काय समजते त्यातलं? तुह्यावर होता. तू म्हटलं थांब, मी थांबली. काखेत ठणकाये तवा मी सोताले सांगू, लढून राह्यल्या, चांगलं हाये.

आता इतक्या दिवसांनी पत्रं पुन्हा वाचली. एकाही पत्रात तू असं इचारलं नाई, की तुळसाबाई कशी हाये. गाठ कशी हाये, दोरा कुठी हाये, आई कशानं मेली. आई कशानं मेली, हे तू मलेच इचारलं रे.

दोन गोष्टी इचारते. खऱ्या सांग. एक, तुले कधीच समजलं नाई काय, की ती मी हाये? दोन, सप्टेंबरात गेली असती तं जगली असती काय?

अक्का

*

मुंबई, ७ मे १९५८

अक्का,

बारा दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. चार उत्तरं लिहून फाडली. चारही खोटी होती.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. जगली असतीस. नक्की असं कुणीच सांगू शकत नाही, पण गाठ लहान होती, हलत होती, काख मोकळी होती. अशा बाया ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं जगतात. सप्टेंबरात तुझं पत्र आलं तेव्हा मी आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "मापं कसली घेतोस? धावऱ्याने गाठ दबली असेल, गेलेली नाही. बाईला आधी सर्जनकडे पाठव, मग माझ्याशी बोल." ते मी तुला लिहिलं नाही. साहेबांना सांगितलं की बाई गेली नागपूरला.

पांढऱ्या पेशी गाठ ओळखतात हे खोटं नाही. ओळखतात, लढतातही, पण पुरे पडत नाहीत, का ते आम्हाला माहीत नाही. उंदरात आम्ही गाठ आधी कापून काढतो, तेव्हा कुठे त्या पुढच्या तुकड्याला पुरतात. कापतो आधी, अक्का. हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं आणि सप्टेंबरात मीच विसरलो. विसरलो म्हणणंही खोटं आहे. मला ती गाठ विरताना पाहायची होती. माझ्या नावावर.

आता पहिला प्रश्न. संक्रांतीच्या पत्रात तू एका ठिकाणी 'माह्या काखेत' असं लिहून 'माह्या' खोडलं होतंस, वर 'डाव्या' लिहिलं होतंस. शाई जाड होती. मी कागद खिडकीशी उजेडात धरला आणि वाचलं. मग मनाशी म्हटलं, चुकून लिहिलं असेल, बाई लिहिताना चुकते. वय अडतीस, मुलं तीन, एक गेलेला, आई बाळंतपणात गेलेली. हे सगळं समोर होतं. मी ते कागदावर ओळीने उतरवून घेतलं होतं. तरी मी बसलो आणि तुला ग्रंथी फुगण्याचं पत्र लिहिलं. कारण ती तू आहेस असं मानलं असतं तर त्याच रात्री गाडीत बसावं लागलं असतं, आणि सप्टेंबरचंही कबूल करावं लागलं असतं.

काखेतली गाठ चांगलं चिन्ह नव्हतं. ते मला तेव्हाही माहीत होतं.

माफ कर असं लिहिणार नाही. तू विचारलंस म्हणून खरं सांगितलं. मले बोलाव अक्का. मी येतो, तुह्याजवळ राहतो.

रामकिसन

*

धनज, २४ मे १९५८

रामकिसन यास,

मनकर्णा बुधवारी सकाळी गेली. तार केली होती, तुमाले भेटली असन. मुंबईहून पोहोचेपर्यंत ठेवता आलं नाई, उन्हाळा हाये.

तुमचं पत्र बारा तारखेले आलं. तिच्यानं कागद धरवत नव्हता. म्हणाली, "तुमी वाचून दाखवा." मी आधी मनात वाचलं. दोनदा वाचलं. ती म्हणे, "काय लिवते? एवढा वेळ कायले लागते?" म्हटलं, "अक्षर बारीक हाये."

मंग मोठ्यानं वाचलं. म्या वाचलं, "अक्का, मले कधीच समजलं नाई की ती तू हाये. समजलं असतं तं त्याच रात्री गाडीत बसलो असतो." अन् वाचलं, "सप्टेंबरात गेली असती तरी काई फरक नसता पडला, गाठ आधीच पसरली होती, मोठ्या साहेबानं बी तेच सांगतलं." एवढं खोटं मी जन्मात बोललो नाई. कागदावर बोट फिरवत फिरवत बोललो, तिले शंका येऊ नये म्हून.

तिनं डोळे मिटून ऐकलं. मंग म्हणाली, "पाहा. म्या उगीच त्याले टोचून लिवलं. पोरगं किती रडलं असन." पोरींनाही तिनं तेच सांगतलं, की मामाचा काई दोष नाई, मामावर रागावजा नका. दोन-तीन दिवस जरा जेवलीबी.

तुमाले बोलावू काय म्हून तिनं इचारलं होतं. मी नाई म्हटलं. म्हटलं, त्याले सुट्टी नसन. तुमी समोर बसले असते तं तिनं तुमच्या तोंडावर सगळं वाचलं असतं. शेवटचं तुमाले पाह्यलं नाई, ते माह्यामुळं. त्याचं मले वाईट वाटत नाई.

हे म्या तुमच्यासाठी केलं असं समजू नका.

तेरवी दोन जूनले, सोमवारी हाये. पोरी मामाची वाट पाहून राह्यल्या. त्यांच्यासाठी या. पंगतीत बसा, जेवा, पोरींशी बोला. माह्याशी बोलू नका.

मारोतराव